दुसऱ्या मजल्यावरची सही

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात विराली मोदी यांचं लग्न लागलं. विराली व्हीलचेअर वापरतात. दिव्यांगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या म्हणून त्यांचं नाव त्याआधीही लोकांच्या परिचयाचं होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. सह्यांसाठी अधिकारी खाली यायला तयार झाले नाहीत आणि नवरीला दोन मजले उचलून वर न्यावं लागलं. जिना भयंकर चढा, कठडे गंजलेले आणि हलणारे. हे सगळं त्यांनी लग्नानंतर एक्सवर लिहिलं. ज्या एजंटामार्फत वेळ घेतली होती त्याला आपल्या अपंगत्वाची कल्पना आधीच दिली होती, तरी मदतीला कुणी पुढे झालं नाही, हेही लिहिलं. वर नेताना कुणाचा पाय घसरला असता आणि लग्नाच्या दिवशीच मी पडले असते तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल होता. जिन्यावरून चढवायला मी सामान नव्हे, माणूस आहे, असंही त्यांनी सुनावलं.

पोस्ट देशभर फिरली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक्सवरच शुभेच्छा दिल्या, झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली आणि स्वतः लक्ष घालून योग्य कारवाई करू असं सांगितलं. हे प्रकरण अभ्यासाला घ्यावंसं वाटतं ते त्यातल्या एका तपशिलामुळे. चर्चा सगळी लिफ्टची झाली. त्या दिवशी जे हवं होतं ते मात्र फार छोटं होतं: सही खाली आणणं.

लिफ्ट नाही, हे उत्तर किती पुरतं?

आधी इमारतीचं बघू, कारण ‘जागाच तशी आहे’ हे सरकारी कार्यालयात सर्वांत लवकर मिळणारं उत्तर. व्हीलचेअरसाठी उतार बांधायचा तर प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर दुसऱ्या मजल्यावर पोचायला सहा मीटर चढावं लागेल. त्याला बाहत्तर मीटरचा उतार लागेल, मधले विसाव्याचे टप्पे वेगळेच. मुंबईतल्या कुठल्या जुन्या इमारतीला एवढं अंगण असतं? म्हणजे रॅम्प बाद. लिफ्ट बसवायची तर जिन्याच्या पोकळीत जागा हवी, इमारतीचं बळ तपासायला हवं, जागा भाड्याची असेल तर मालकाची संमती हवी, मग निविदा आणि मंजुरी. यात वर्षं जातात, हे खोटं नाही.

पण ती वर्षं कायद्याने देऊन झाली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम १५ जून २०१७ रोजी आले. त्या तारखेपासून पाच वर्षांत सगळ्या विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करायच्या, असं कलम ४५ सांगतं. सरकारी सेवांसाठी तर कलम ४६ मध्ये दोनच वर्षांची मुदत आहे. खारला लग्न लागलं तेव्हा इमारतींची मुदत संपून सोळा महिने उलटले होते. केंद्र सरकारचं सुगम्य भारत अभियान त्याहून जुनं, ३ डिसेंबर २०१५ चं. विराली यांनी आपल्या पोस्टमध्ये विचारलंही, त्या अभियानाचं काय झालं?

तरीही मला वाटतं, ‘लिफ्ट नाही’ हे उत्तर सगळ्यांनाच सोयीचं पडतं. त्याने दोष इमारतीवर जातो आणि इमारत कुणाला जाब देत नाही. त्याच कायद्यात इमारतीशी काडीचा संबंध नसलेली आणखी एक गोष्ट आहे: वाजवी सोय. समोरच्या माणसाच्या गरजेप्रमाणे, आपल्यावर बेसुमार भार न पडता करता येईल असा बदल. त्याला पाच वर्षांची मुदत नाही आणि निविदाही लागत नाही. एक रजिस्टर, एक पेन आणि एक अधिकारी दोन मजले उतरून खाली आले तर ते बेसुमार ओझं ठरेल का, एवढाच प्रश्न होता.

सही खाली येऊ शकत होती का?

येऊ शकत होती, आणि कायद्याला ते नवीन नाही.

आपल्याकडे ज्याला रजिस्टर लग्न म्हणतात ते विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लागतं. त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलं आहे की लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावता येईल, किंवा तिथून वाजवी अंतरावर वधूवरांना हव्या त्या ठिकाणी, ठरलेल्या अटींवर आणि जादा फी भरून. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा बहुधा घरचा मांडव असावा, व्हीलचेअर नसावी. पण अधिकारी कार्यालयाबाहेर पडू शकतो हे त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी मान्य केलं. मग तळमजल्याचा व्हरांडा वाजवी अंतराबाहेर कसा?

याहून जुना दाखला नोंदणी कायद्यात आहे, १९०८ सालच्या. खरेदीखत, मृत्युपत्र असे दस्त ज्याखाली नोंदवले जातात तो हा कायदा. शारीरिक दुर्बलतेमुळे जोखीम किंवा मोठी गैरसोय पत्करल्याशिवाय ज्याला कार्यालयात येता येत नाही, त्याला कलम ३८ हजेरीतून सूट देतं. अशा वेळी नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः त्याच्या घरी जायचं किंवा त्यासाठी कमिशन काढायचं, म्हणजे त्याचा जबाब घ्यायला दुसऱ्या कुणाला नेमायचं. त्याच कलमात तुरुंगातला माणूसही आहे; त्याच्यापाशी अधिकारी तुरुंगात जातो. महाराष्ट्रात दस्त नोंदणी आणि विशेष विवाह ही दोन्ही कामं नोंदणी व मुद्रांक विभागाकडेच आहेत. आजारी आजोबांचं मृत्युपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकांना घरी बोलावतात, त्याला गृहभेट म्हणतात, आणि वकील मंडळींना ही वाट पाठ असते. म्हणजे मालमत्तेची सही घरापर्यंत जाते आणि लग्नाची सही दोन मजले उतरत नाही.

आता कार्यालयाच्या बाजूनेही बघायला हवं. विवाह अधिकाऱ्याच्या खोलीत एका दिवशी बरीच जोडपी असतात, प्रत्येकाबरोबर तीन साक्षीदार आणि वर फोटो काढणारे. जागेवरून साहेब उठले तर रांग थांबते. रजिस्टर खोलीबाहेर नेलं आणि उद्या कुणी आक्षेप घेतला तर उत्तर आपल्याला द्यावं लागेल, ही धास्ती सरकारी नोकरीत खरी असते. ज्या कामाचं परिपत्रक नाही ते काम केल्याबद्दल शाबासकी मिळत नाही, चौकशी मात्र लागू शकते. अशा माणसाला हृदयपरिवर्तनाचा उपदेश करून काही साधत नाही. त्याला लेखी आधार हवा: दिव्यांग किंवा वृद्ध व्यक्तीने सांगितल्यास विधी तळमजल्यावर करावा, त्यासाठी जादा फी घेऊ नये आणि नोंदवहीच्या शेऱ्यात तसं लिहावं. एवढ्या दोन ओळी वरून आल्या की धाडसाचं काम रोजचं होऊन जातं.

माहिती कुठे गळली

या प्रकरणातला मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो भाग वेगळाच आहे. विराली यांच्या सांगण्यानुसार त्यांनी एजंटाला आधी कळवलं होतं. एजंटाकडून ते कार्यालयाच्या टेबलापर्यंत कोणत्या रूपात गेलं, गेलं की नाही, याची नोंद व्हावी अशी सोयच त्या व्यवस्थेत नाही.

विशेष विवाह कायद्याखाली लग्नाआधी नोटीस द्यावी लागते आणि मग तीस दिवस थांबावं लागतं. नोटीस कार्यालयात दिसेल अशा जागी लावतात, हरकती मागवतात. म्हणजे असं लग्न सरकारला किमान महिनाभर आधी ठाऊक असतं. पण नोटिशीचा नमुना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बघा. नाव, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचा पत्ता, तिथे किती दिवस राहता. तुम्ही जिना चढू शकता का, ऐकू येतं का, सहीऐवजी अंगठा देणार का, सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल का, यातलं काहीच नाही. तीस दिवस हाताशी असून जी एक गोष्ट विचारायला हवी होती तिला फॉर्मवर रकाना नाही.

रकाना नसला की माहिती तोंडी फिरते. एजंट शिपायाला सांगतो, शिपाई ‘बघू’ म्हणतो, आणि लग्नाच्या दिवशी ड्युटीवर दुसराच माणूस असतो. पुढे काही वाद झाला तर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं कुणीही प्रामाणिकपणे म्हणू शकतं. मुळात या कामात एजंट लागतोच का, हाही प्रश्न आहे. पण मुंबईत वेळ, कागद आणि रांग यांचा वैताग वाचवायला बरीच जोडपी एजंट धरतात, आणि गरज आणि टेबल यांच्या मध्ये आणखी एक माणूस येतो.

ऑनलाइन वेळ घेताना तीन चौकटी ठेवल्या तरी यातलं बरंचसं मिटेल: जिना चढता येत नाही, दुभाषी हवा, वाचून दाखवायला कुणी हवं. चौकटीवर खूण झाली की ती कार्यालयाच्या त्या दिवसाच्या यादीत छापून यायला हवी. हे काम संगणक विभागाचं आहे, बांधकाम खात्याचं नव्हे.

चार हातांची मदत

आपल्याकडे उचलायला माणसं कमी पडत नाहीत. वॉचमन, रिक्षावाला, शेजारच्या टपरीवरचा पोरगा, सगळे धावून येतात, आणि ही माया खोटी नसते. लहान गावांत तर अपंग माणसाचं अर्धं सार्वजनिक आयुष्य याच मायेवर चालतं. बँकेच्या पायऱ्या, तहसीलची ओटी, एसटीची पायरी, सगळीकडे ‘धर रे जरा’.

त्या मायेची किंमत कोण मोजतं, ते विराली यांच्या आधीच्या लढ्यात दिसतं. रेल्वेत चढवताना हमालांनी आपल्याला उचललं आणि उचलताना गैरस्पर्श केला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. त्यातूनच २०१७ मध्ये त्यांनी ‘माय ट्रेन टू’ ही मोहीम उभी केली. मागणी होती गाड्या आणि स्थानकं सुगम करण्याची, आणि केरळात एर्नाकुलमला हलवता येणारे रॅम्प आले. म्हणजे खारच्या जिन्यावर उचललं जाणं त्यांच्यासाठी नुसती गैरसोय नव्हती. ज्या गोष्टीविरुद्ध त्या वर्षानुवर्षं बोलत होत्या तीच लग्नाच्या दिवशी पुन्हा वाट्याला आली.

शिवाय उचलण्यातही धोका असतो. घडीची साधी व्हीलचेअर पंधरा-वीस किलोची, त्यात माणसाचं वजन. खुर्ची मागे कलवून, मागून एकाने हँडल आणि पुढून दोघांनी चौकट धरून ती पायरीपायरीने चढवावी लागते. धरणारे उत्साहाने हातपट्ट्यांना किंवा पायपट्ट्यांना धरतात, आणि बऱ्याच खुर्च्यांत त्या काढता येणाऱ्या असतात, हातातच निघून येतात. चढा जिना, हलता कठडा आणि साडी नेसलेली वऱ्हाडी मंडळी असताना हे करायचं. बॅटरीची खुर्ची असेल तर उचलण्याचा विषयच संपला. ती जिन्याखाली ठेवायची आणि माणसाला अंगावर घ्यायचं.

एक आणखी गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. उचलून नेलं की काम होऊन जातं. रजिस्टरात लग्नाची नोंद पडते, तारीख पडते, तीन साक्षीदारांच्या सह्या पडतात. चार जणांनी खुर्ची उचलली हे त्या पानावर कुठेच येत नाही. कार्यालयाच्या कागदांवर तो दिवस बाकीच्या दिवसांसारखाच सुरळीत गेलेला असतो. उद्या वरिष्ठांनी विचारलं की तुमच्याकडे दिव्यांगांना अडचण येते का, तर उत्तर ‘आजवर तक्रार नाही’ असंच येणार. स्थानिक मदतीने व्यवस्थेची चूक अशी रोज झाकली जाते. म्हणून मदत करू नये असं नाही. उचलून झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींची तक्रार त्याच कार्यालयात द्यावी, आणि शक्यतो ती उचलणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहावी. नवरीला लग्नाच्या दिवशी तक्रार लिहायला लावणं हाही एक जाचच.

माफीनंतरचं

उपमुख्यमंत्र्यांची माफी मनापासूनची असेल, मला त्यावर शंका घ्यायची नाही. पण ती मिळाली कारण पोस्ट लिहिणारी व्यक्ती इंग्रजीत, ठामपणे, हजारो लोकांपर्यंत पोचू शकत होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, आणि ती मोजणी जुन्या, आखूड यादीवर होती; २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. यातले बहुतेक जण दुसऱ्या मजल्यावरचं काम घरच्यांना सांगून उरकतात किंवा सोडूनच देतात.

खरं तर यंत्रणा कागदावर गरीब नाही. दिव्यांगांसाठी स्वतंत्र कल्याण विभाग महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस काढला. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे, असा शासनाचा आदेश आहे. या पाच टक्क्यांवर गावोगाव भांडणं होतात आणि ती होणं रास्तच आहे. पण पैसा मिळाला की तो बहुतेक वेळा वस्तूंत आणि थेट मदतीत वाटला जातो: तीनचाकी, शिलाई यंत्र, खात्यात थोडी रक्कम. वस्तू घरी येते, फोटो निघतो. कार्यालयाच्या दारातल्या दोन पायऱ्यांवर उतार घालायला त्याच पैशातला लहानसा हिस्सा पुरला असता, पण त्याचा लाभार्थी यादीत नावानिशी दाखवता येत नाही, म्हणून तो प्रस्ताव मागे पडतो.

दंडाची तरतूदही आहे. २०१६ च्या कायद्याचा पहिला भंग झाला तर दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक भंगाला पन्नास हजार ते पाच लाख. तारखा हुकण्याचं मूळ मात्र नियमांत होतं आणि ते २०२४ मध्ये उघड झालं. दृष्टिबाधित असलेल्या राजीव रतूडी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे मापदंड ज्यात आहेत तो नियम १५(१) मूळ कायद्याशीच विसंगत आहे, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियमातली मार्गदर्शक तत्त्वं शिफारशीच्या भाषेत बोलतात. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा, असं केंद्राला बजावण्यात आलं. खारच्या लग्नानंतर हे घडलं, पण खारला नेमकं काय चुकलं ते या निकालातून समजतं: मुदत होती, माप होतं, आणि दोन्हीला जोडणारा धागा ‘करावे’ असा होता, ‘केलेच पाहिजे’ असा नव्हता.

आणि जिथे यंत्रणेने मनावर घेतलं तिथे माणसाऐवजी काम हललंच की. मतदान केंद्रं शक्यतो तळमजल्यावर ठेवायची, ही निवडणूक आयोगाची शिस्त आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आधी अर्ज भरून घरून मत देता आलं; मतपेटीसकट कर्मचारी दारात आले. गुप्त मतदानासारखी नाजूक गोष्ट घरी जाते, तर तिघा साक्षीदारांसमोर उघडपणे होणारी सही का जाऊ नये? रिझर्व्ह बँकेनेही २०१७ मध्ये सत्तरीपुढचे आणि अपंग खातेदार यांना घरपोच सेवा द्यायला बँकांना सांगितलं. शाखेत विचारलं तर अजून कधीकधी कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटतं, पण निदान दाखवायला परिपत्रक तरी आहे.

तळमजला मिळाला की सगळं मिटलं असंही समजू नये. मुंबईत पदपथांवर मोटारसायकली चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांतून व्हीलचेअर जात नाही, हे एका व्हीलचेअर वापरणाऱ्या तरुणाने मुंबई उच्च न्यायालयाला ई-मेलने कळवलं आणि न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून तो विषय हाती घेतला. खाली टेबल मांडलं तरी रस्त्यापासून टेबलापर्यंतची वाट कुणीतरी खुर्चीत बसून एकदा तपासायला हवी. दारापुढची चार इंचांची पायरी सगळ्या तयारीवर पाणी पाडते.

नोटीस देतानाच द्यायचा अर्ज

कार्यालयं कधी बदलतील ती बदलोत. ज्यांचं लग्न या वर्षी आहे त्यांनी नोटिशीबरोबरच एक वेगळा अर्ज द्यावा, तोंडी किंवा एजंटामार्फत नव्हे. मजकूर फार लागत नाही:

प्रति, विवाह अधिकारी. विषय: विवाहविधी तळमजल्यावर पार पाडण्याबाबत. मी व्हीलचेअर वापरते. आपले कार्यालय वरच्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. विशेष विवाह कायदा, १९५४, कलम १२ नुसार विधी कार्यालयाबाहेर वाजवी अंतरावर करता येतो आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार मला वाजवी सोय मिळण्याचा हक्क आहे. तरी घोषणापत्र आणि विवाह प्रमाणपत्राच्या नोंदवहीवरील माझ्या व साक्षीदारांच्या सह्या तळमजल्यावर घ्याव्यात. आपला निर्णय लेखी कळवावा.

सोबत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची किंवा युडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत जोडावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर पोचेची प्रत जोडून जिल्ह्याचे सहजिल्हा निबंधक आणि पुण्याचे दिव्यांग आयुक्त यांना कळवावं, ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार टाकावी आणि सुगम्य भारत ॲपवर जिन्याचा फोटो चढवावा. तीस दिवसांची मुदत कायद्याने दिलेलीच आहे. तिच्यातले पहिले दहा दिवस पत्रिकेच्या छपाईत घालवू नयेत.